झेन्झी-ओमाच्या मापाचा पट्टा

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी बायका पहिल्या हिवाळ्यात केक शिकतात आणि दुसऱ्या हिवाळ्यात जर्मन. मी चोपन्नाव्या वर्षी बर्फगाडीचे पट्टे कापायला शिकले. केक मला अजून येत नाही. जर्मन येतं, पण त्यातलं निम्मं नटबोल्टांविषयीचं आहे.

माझी नात सहा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. परवा तिला अल्बममध्ये एक फोटो सापडला. त्यात एक बाई जमिनीवर विळी घेऊन बसली आहे. डोळ्यांवर संरक्षक गॉगल, हातात जाड मोजे, पायात लोखंडी टोपीचे बूट. समोर अजगरासारखा काळा रबरी पट्टा पसरलेला. नातीने जर्मनमध्ये मला, म्हणजे तिच्या ओमाला, आजीला, विचारलं, "ओमा, ही तू आहेस? काय शिजवते आहेस?"

त्या फोटोची हकिकत सांगते.

आधी त्या बाईविषयी. खरं सांगायचं तर मला ती फारशी आवडत नाही. तिला सगळं येत होतं. पिंपरीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं तिने कन्व्हेयर बेल्टची ड्रॉइंग्ज काढली होती. साखर कारखान्यात उसाचं चिपाड वाहून नेणारा पट्टा पाहिलात, तर त्यातला एखादा तिचा असायचा. मग यजमानांची बदली इंगोलश्टाटला झाली, ती मागोमाग आली आणि दोन वर्षं घरात बसून शर्टांना इस्त्री करत राहिली. शेजारीपाजारी ती 'हेर आपटेंची', म्हणजे श्रीयुत आपटेंची, बायको होती. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर हे नाव पचायला जड जातं.

शहराबाहेर ब्रांडलसाहेबांचं वर्कशॉप होतं. उन्हाळ्यात तिथे बांधकामावरच्या छोट्या पट्ट्याच्या गाड्या दुरुस्त व्हायच्या, हिवाळ्यात बर्फगाड्या. त्यांना रबरातलं कळणारा माणूस हवा होता. मुलाखतीत त्यांनी पट्ट्याचा एक तुकडा टेबलावर ठेवला. मी वास घेतला, नखाने दाबून पाहिला, वाकवला आणि आत कापडाचे किती थर आहेत ते सांगितलं. "पास्ट," ते म्हणाले. म्हणजे ठीक आहे. या माणसाकडे कौतुकाचा एवढा एकच शब्द आहे आणि तोही वर्षातून तीनदाच निघतो, हे मला पुढे कळलं. सहा महिन्यांची प्रोबेत्साइट, म्हणजे कामाची परीक्षा ठरली. पास झाले तर कायम, नाहीतर परत इस्त्री.

आता ही गाडी म्हणजे काय ते सांगते. पुढे दोन स्की, त्यांनी दिशा द्यायची. मागे हातभर रुंदीचा रबरी पट्टा, गोल फिरणारा. पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला रबराच्या उभ्या पाकळ्या असतात, त्या बर्फात रुततात आणि गाडीला पुढे ढकलतात. पट्ट्याला फिरवणारी प्लास्टिकची दातेरी चाकं असतात, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. चाकाच्या दातांमधलं अंतर आणि पट्ट्याच्या आतल्या खुंट्यांमधलं अंतर जुळलंच पाहिजे. म्हणून पट्टा बदलला की बहुधा ड्रायव्हरही बदलावे लागतात, ड्रायव्हर बदलले की गिअर, आणि गिअर बदलला की गिऱ्हाइकाचा चेहरा.

जर्मनीत ही गाडी हौसेसाठी उडवता येत नाही. परवाना लागतो, आणि तो मिळतो डोंगरातल्या बचाव पथकांना, लिफ्टवाल्यांना आणि उंचावर झोपडीवजा खानावळ चालवणाऱ्यांना. त्यामुळे गिऱ्हाइकं थोडी, पण एकेक नग. एका लिफ्टवाल्याला फक्त शेजाऱ्यापेक्षा लांब पट्टा हवा होता. कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं. आम्ही समजावून थकलो आणि बसवून दिला. पट्टा जितका लांब तितकी गाडी सरळ पळते आणि वळायला कुरकुरते. त्याच्या गाडीला वळायला ऑस्ट्रियापर्यंत जावं लागतं, असं त्याचा शेजारी सगळ्यांना सांगत फिरायचा.

माझी परीक्षा घेतली ती मात्र मोझरबाईंच्या गाडीने.

रेझी मोझर पंचेचाळिशीची बाई, डोंगरावर खानावळ चालवायची. तिची आई झेन्झी-ओमा चौऱ्याऐंशी वर्षांची. ती त्याच खानावळीत जन्मली, तिथेच म्हातारी झाली. खुब्याच्या ऑपरेशननंतर मुलीने तिला खालच्या गावात फ्लॅटमध्ये ठेवलं होतं. तीन नाताळ तिने खिडकीत बसून डोंगराकडे बघत काढले होते. यंदा रेझीने तिला शब्द दिला होता, नाताळ वर. पण जुनी गाडी माणूस मागे बसला की शेवटच्या चढावर फिरत राहायची आणि स्वतःसाठी खड्डा खणायची.

ब्रांडल म्हणाले, "फ्राऊ आपटे, ही गाडी तुमची. म्हातारी नाताळला वर पोचली की आपण तुमच्या कराराचं बोलू."

त्या बाईने, म्हणजे मी, काय केलं? कॅटलॉग उघडला आणि त्यातला सगळ्यात उंच पाकळ्यांचा पट्टा निवडला. तीन इंच! चिपाडाच्या पट्ट्यावर जितकी उंच पट्टी तितका माल जास्त, हे माझं गणित. एवढ्या उंच पाकळ्या गाडीच्या पोटात, पुढच्या बाजूला घासणार होत्या. त्यावर उपाय म्हणून मी ड्रायव्हर छोटे घेतले, सातऐवजी सहा दातांचे. म्हणजे पट्टा जरा खाली उतरतो आणि जागा होते. मग पट्टा ताणला. असा ताणला की बोटाने वाजवला तर सूर लागावा. पिंपरीत सैल पट्टा म्हणजे अब्रू गेली. सैल पट्टा दिसला की आमचे वर्क्स मॅनेजर ज्या आवाजात बोलायचे, तो मला आजही ऐकू येतो.

आणि या सगळ्याचं चार पानी प्रोटोकोल, म्हणजे कामाची लेखी नोंद, केलं. आकडे, तक्ते, दोन रंगांत आकृत्या, खाली सही.

घरी आमच्या ह्यांनी ते वाचलं. ते गाड्यांचे इंजिनिअर, सावध माणूस.

"अगं, पण रस्ता कसा आहे?"

"डोंगर आहे. बर्फ आहे. अजून काय असणार?"

"म्हणजे तू पाहिला नाहीस."

"अहो, साखर कारखान्यासाठी पट्टा काढायला मी उसात जाऊन उभी राहत होते का?"

हे बिचारे गप्प बसले. तेहतीस वर्षांच्या संसारात ते कुठे गप्प बसायचं ते शिकलेत. कुठे बसायला नको होतं, ते दोघांनाही नंतर कळतं.

ब्रांडलसाहेबही फसले, पण त्यांच्या पद्धतीने. त्यांनी चारही पानं वाचली, तारीख पाहिली, सही पाहिली आणि मान डोलावली. इतकं नीटनेटकं प्रोटोकोल चूक असूच शकत नाही, असा त्यांच्या देशाचा विश्वास आहे. मी आकड्यांवर भरवसा ठेवला, त्यांनी कागदावर. गाडीला कुणी विचारलंच नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही गाडी ट्रेलरवर घालून दोन-अडीच तासांवर डोंगरापाशी नेली. मी अंगावर पाच थर चढवले होते आणि वरून पुण्याची शाल. ओमाच्या जागी वाळूची पोती बांधली. रेझीने हँडल धरलं, गाडी सुरू झाली, झाडांमागे गेली. ओमा खालच्या खानावळीच्या खिडकीत दुर्बीण घेऊन बसली होती.

पाच मिनिटांनी वास आला. जळक्या प्लास्टिकचा.

आम्ही धापा टाकत चढत गेलो. गाडी अर्ध्या वाटेवर उभी. झालं होतं असं, की पट्टा आतून दोन प्लास्टिकच्या सरकपट्ट्यांवर घसरतो, आणि उडणारा भुसभुशीत बर्फच त्यांना थंड ठेवतो. पण खालचा रस्ता टणक होता, काचेसारखा. भुसभुशीत काही नाहीच. त्यात माझा सुरेल ताणलेला पट्टा. सरकपट्ट्या वितळल्या. आणि तीन इंची पाकळ्या त्या टणक बर्फावर ओल्या पापडासारख्या आडव्या पडल्या होत्या. ज्या चढासाठी एवढा खटाटोप केला, तिथपर्यंत गाडी पोचलीच नव्हती.

ब्रांडल एवढंच म्हणाले, "आल्झो." जर्मन माणूस पुढे काही न बोलता नुसतं आल्झो म्हणाला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

खाली आलो. ओमा काठी टेकत दारात उभी होती. डोंगरात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, तिने तर पहिल्या वाक्यापासून केलं.

"तूच शिवलीस का ही?"

"हो."

"कधी वर गेली आहेस?"

"नाही."

"या गाडीवर बसली आहेस?"

"नाही."

"बस खाली. सूप घे."

मी बसले. ओमा समोर बसली. "मी तरुणपणी गावातल्या पुरुषांच्या चामड्याच्या चड्ड्या शिवायचे. महागातलं चामडं आणलं म्हणून चड्डी बसत नाही, पोरी. बूड मोजावं लागतं. तू कुणाचं मोजलंस?"

चोपन्नाव्या वर्षी मला कुणीतरी पोरी म्हणालं आणि त्याच वाक्यात माझी बावीस वर्षांची सेवा मोडीत काढली. रेझी पाठ वळवून हसत होती. ब्रांडल सूप पीत होते, पण त्यांचा चमचा थांबला होता.

मग ओमाने टेबलावर डोंगर मांडला. मीठदाणी म्हणजे वाटेवरचं छोटं ख्रिस्ती देऊळ. तिथपर्यंतच्या वाटेवर सूर्य पोचत नाही, सगळं टणक. चमचे म्हणजे झाडी, तिथे लाकडाच्या ट्रॅक्टरने दाबलेला रस्ता, तोही टणक. सुपातला बटाट्याचा गोळा उचलून तिने शेवटी ठेवला. "हा गाइसश्टीग, शेवटचा चढ. इथे वारा बर्फ आणून टाकतो. मांडीपर्यंत. पण केवढा तुकडा? इथून त्या चर्चच्या दारापर्यंत असेल, तेवढाच." मी मनात हिशेब केला. पाच भागांतले चार भाग टणक आणि एकच भाग खोल. मी पूर्ण लुगडं पदरावरून निवडलं होतं.

"आणि वाळू काढून टाक," ती म्हणाली. "पोतं मुकाट बसतं. माणूस घाबरतो, हलतो, मागे झुकतो. जिने शिवलंय तिलाच बसव. ती वर पोचली तर मी बसेन."

परतीच्या वाटेवर ब्रांडल गाडी चालवत होते. म्युनिकपाशी म्हणाले, "नवा पट्टा नाताळआधी येणार नाही."

"मग आहे तोच कापते," मी म्हटलं. "तीनाचे सव्वादोन इंच. आखूड पाकळी ताठ राहते, टणक रस्त्यावर आडवी पडणार नाही. आणि गाइसश्टीगच्या तेवढ्या तुकड्याला सव्वादोन पुरतील."

"गेनाऊ, बरोबर. आणि कशाने कापणार?"

वर्कशॉपची कटर पाकळीच्या मुळाशी वाकडी चालायची, ते मी पाहिलं होतं. घरी पुण्याहून आणलेली विळी होती. दुसऱ्या दिवशी ती पिशवीतून घेऊन गेले. साबणाचं पाणी लावलं की रबर विळीवर दुधी भोपळ्यासारखं कापलं जातं, हे पिंपरीत चोरून नमुने कापताना शिकले होते. ब्रांडल भोवती फिरले, वाकून पाहिलं, स्वतः बसायचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी दोन आवाज काढले, ते उठले. मग नियम आठवला आणि गॉगल, मोजे, लोखंडी टोपीचे बूट आणून दिले. त्या बुटांनी विळीचा पाट दाबून धरणं ही कसरत मी कुणालाही सुचवणार नाही. फोटो वर्कशॉपमधल्या पोरीने तेव्हाच काढला. प्रोटोकोलात ब्रांडलनी अवजाराच्या रकान्यात लिहिलं: 'हातसुरी, भारतीय, पायाने धरायची.'

दोन दिवस कापत होते. दोनशेहून जास्त पाकळ्या. संध्याकाळी ह्यांनी माझ्या पाठीला तेल चोळलं आणि एक अक्षर बोलले नाहीत. यावेळी बरोबर गप्प बसले.

पाकळ्या आखूड झाल्यामुळे गाडीच्या पोटात जागा झाली, म्हणून ड्रायव्हर पुन्हा सात दातांचे बसवता आले. छोट्या चाकावर पट्टा फार मुडपतो आणि ताकद तिथेच खर्च होते. पण खरी गोष्ट पट्टा सैल करायची होती. सैल पट्टा साध्या ड्रायव्हरवर दात सोडून उड्या मारतो. म्हणून असे ड्रायव्हर घेतले की ज्यांचे दात आतल्या खुंट्यांनाही धरतात आणि पट्ट्याच्या भोकांतूनही बाहेर येतात, दोन्हीकडून पकड. चाकं दाबयंत्राने दांड्यावर चढवली, सगळ्यांचे दात एका ओळीत आहेत ना ते चारदा पाहिलं. मग पट्टा बोटाने ओढला तर चांगला खाली लोंबेल इतका सैल सोडला.  पिंपरीचे वर्क्स मॅनेजर दारात उभे आहेत असं सारखं वाटत होतं. शेवटी स्कीच्या मागे तारेच्या दोन खरवडण्या लावल्या. त्या टणक बर्फ ओरखडतात आणि भुगा उडवून सरकपट्ट्या गार ठेवतात.

दुसऱ्या चाचणीच्या सकाळी ब्रांडलनी पेन काढलं. "चाचणीचा भार? किलोमध्ये, कपड्यांसकट."

"पंचावन्न," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाच थर, शाल. लिहिलं, पंचावन्न.

रेझीच्या मागे बसले आणि तिच्या कमरेला अशी मिठी मारली की तशी तिच्या नवऱ्यानेही कधी मारली नसेल. देवळापर्यंत डोळे मिटलेले. झाडीत एक उघडला. वास घेत होते, जळका येतो का ते. येत नव्हता. खरवडण्या करकर करत होत्या, बर्फाचा भुगा पायांवर उडत होता. मग रेझी ओरडली, "आता!" आणि समोर गाइसश्टीग आला. बटाट्याच्या गोळ्यापेक्षा बराच मोठा होता.

गाडी मंदावली. पुढचं तोंड वर झालं. मी मागे झुकले, ओमा म्हणाली होती तशीच. रेझीने जर्मनमध्ये काहीतरी शिवी दिली, मी मराठीत. पट्टा फिरू लागला, खड्डा खणणार असं वाटलं, आणि मग एकेक पाकळी धरत गेली. पायाखाली मला ती जाणवत होती. धरली, सोडली, धरली. बावीस वर्षं मी पट्टे काढले होते, पण पट्ट्यावर बसून कधी कुठे गेले नव्हते.

वर पोचलो. रेझी इंजिन बंद करून म्हणाली, "सुधा, आता माझी कंबर सोडलीस तरी चालेल."

एक रुखरुख आहे, ती सांगून टाकते. त्या दिवशी रेझी म्हणाली होती, उतरताना तू चालव. मी नको म्हटलं. पुढे सहा वर्षांत किती गाड्यांचे पट्टे आणि ड्रायव्हर बदलले, पण हँडल एकदाही धरलं नाही. तेव्हाची ती बाई गणितात शूर होती, बाकी ससा.

नाताळच्या आदल्या सकाळी झेन्झी-ओमा निघाली. ब्रांडल, मी आणि 'मलाही बघायचंय' म्हणत आमचे हे, असे तिघं खाली उभे. ओमाने लोकरीची टोपी घातली, काठी गाडीला बांधली, माझ्या शालीकडे बोट दाखवलं. मी दिली. गाडी झाडीत शिरली. ब्रांडलनी दुर्बीण धरली. बराच वेळ गेला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"पाठ."

"कुणाची?"

"तुमच्या शालीची." मग थांबून, "वर. वरच जाते आहे." आणि दुर्बीण माझ्या हातात देऊन ते ट्रेलरच्या मागे गेले. थंडीने नाक वाहतं, असं त्यांनी परत आल्यावर सांगितलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण जानेवारीच्या मध्यावर रेझीचा वर्कशॉपला फोन आला. आवाज चढलेला. आईला नवीन वर्षानंतर खाली आणायचं ठरलं होतं. आई खोलीला आतून कडी लावून बसली आहे. म्हणते, वर चढायचं ठरलं होतं, उतरायचं मी कुणाशी बोलले नव्हते. गाडी चढते म्हणजे डॉक्टरही चढेल, पीठही चढेल, मग मी का उतरू?

"फ्राऊ आपटे," रेझी रागाने एकदम अहो-जाहोवर आली, "हे तुमच्यामुळे. तुम्ही बघा काय करायचं."

मी फोन ठेवला. ब्रांडलनी शांतपणे कपाटातून रेक्लामात्सिओनचा, म्हणजे तक्रारीचा फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. आमच्याकडे प्रत्येक तक्रारीचा फॉर्म भरायचाच. मी भरला. तक्रार: ओमा खाली येत नाही. कारण: पट्ट्याचा दोष नाही. उपाय: गिऱ्हाईक समाधानी आहे, काही करू नये.

त्यांनी वाचलं, सही केली आणि फॉर्म लावायला मोझरबाईंची फाइल उघडली. वरच चाचणीचं प्रोटोकोल होतं. चाचणीचा भार, पंचावन्न. त्याच्या शेजारी बारीक पेन्सिलीने: अडुसष्ट.

माझे कान तापले. "हे कधी मोजलंत?"

"तुम्ही गाडीवर बसलात तेव्हा. स्प्रिंग किती दबली ते टेपने पाहिलं. स्प्रिंग सांगते." फाइल बंद करून त्यांनी तिच्याखालून दुसरा कागद काढला. कायम नोकरीचा करार. "मोजल्याशिवाय इथून काही बाहेर जात नाही, फ्राऊ आपटे. आता तुमच्या हातूनही जाणार नाही. पास्ट?"

"पास्ट," मी म्हटलं.

ओमा मार्चअखेर उतरली. रस्ता मोकळा झाल्यावर, जीपमधून, स्वतःच्या मर्जीने. शाल मला परत मिळाली नाही. पुढचे चार हिवाळे ती वर गेली, आणि दरवर्षी डिसेंबर लागला की वर्कशॉपला फोन यायचा: "सुधा, पट्टा सैल आहे ना?"

हे सगळं मी नातीला सांगितलं. तिने नीट ऐकलं, फोटो पुन्हा पाहिला, विळीला बोट लावून पाहिलं आणि मग जर्मनमध्ये विचारलं, "ओमा, तेव्हा तुझं वजन किती होतं?"

"पंचावन्न," मी म्हटलं.